गुराइधू कंडू: 'सोपा ड्रिफ्ट' म्हणतील, ऐकू नका

मालदीवमधल्या साउथ माले अटॉलच्या (कंकणाकृती प्रवाळबेटांच्या) पूर्व कडेला ही स्कूबा डाइव्हची खिंड आहे. डाइव्हआधीच्या ब्रीफिंगमध्ये ऐकवलं गेलं, "करंट आपोआप नेतो, तरंगत राहा." साफ दिशाभूल. करंट नेतो खिंडीच्या आत. ग्रे रीफ शार्क मात्र फिरतात बाहेरच्या उंबरठ्यावर (खिंडीच्या समुद्राकडच्या कडेवर), २५ ते ३० मीटर खोलीवर. तिथे पहिल्या दोन-तीन मिनिटांत पोहोचलात तर डाइव्ह, नाहीतर नुसतं निळं पाणी.

म्हणून निगेटिव्ह एन्ट्री, म्हणजे पृष्ठभागावर न थांबता थेट खाली. बीसीडी (हवा भरायचं जॅकेट) पूर्ण रिकामी, रेग्युलेटर (टाकीतून श्वास घ्यायचं उपकरण) तोंडात, उडी मारताच डोकं खाली, कान सतत मोकळे करत राहायचं. पृष्ठभागावर अर्धा मिनिट मास्क नीट करत बसलात की उंबरठा मागे गेलाच. तारकर्लीच्या उथळ पाण्यात हे शिकवत नाहीत. आधी शांत पाण्यात सराव करून या.

रीफ हूक (करंटमध्ये खडकाला धरून राहायचा आकडा) स्वतःचा आणा, दोरी दीड-दोन मीटर, बीसीडीच्या पुढच्या खालच्या डी-रिंगला (कडीला). हूक मेलेल्या खडकातच अडकवायचा, जिवंत प्रवाळात नाही. अडकला की बीसीडीत थोडी हवा, म्हणजे तुम्ही खडकावर न आपटता वर तरंगता. सोडताना उलटा क्रम: आधी हवा काढा, मग हूक. हा क्रम चुकला की थेट वर फेकले जाल. तोंड करंटकडेच ठेवा. मान वळवली की मास्क सुटतो. फ्री-फ्लो (हवा आपोआप सुटत राहणं) टाळायला रेग्युलेटरची व्हेंच्युरी कळ 'मायनस'वर.

हवेचं गणित कडक आहे. मिनिटाला २० लिटर लागणारा माणूस ३० मीटरवर ८० लिटर ओढतो, म्हणजे १२ लिटरच्या टाकीतून मिनिटाला जवळपास ७ बार (टाकीतल्या दाबाचं एकक). करंटविरुद्ध फिन मारले की दुप्पट! १०० बारला हूक सोडा. नायट्रॉक्स ३२ (३२% ऑक्सिजनचं मिश्रण) घ्याच, साध्या हवेवर नो-डेको वेळ (वर येताना सक्तीचे थांबे न लागता खाली राहता येणारा वेळ) फार लवकर संपतो. तिथला नियमही ३० मीटर आणि नो-डेको असाच आहे.

सेफ्टी स्टॉप (वर येताना घ्यायचा छोटा थांबा) मोकळ्या पाण्यात होतो आणि वरून स्पीडबोटी जातात. प्रत्येकाकडे एसएमबी (बोटींना दिसावा म्हणून पाण्यावर सोडायचा फुगवता बोया) हवा, एका जोडीत एक पुरत नाही.

करंट बाहेर वाहत असेल तर उतरूच नका. पाणी गढूळ असतं, उंबरठ्यावर खाली खेचणारा प्रवाह मिळू शकतो आणि पुढे उघडा समुद्र. गाइडने उडी मारून करंट तपासला का, हे बोटीवरच विचारा. तपासलाच नसेल तर टाकी खांद्यावर घेऊ नका. पूर्वेच्या खिंडींना जानेवारी ते एप्रिल बरा. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास करंट जास्त.

आता पैसे. दरापुढे 'प्लस-प्लस' असेल तर १०% सर्व्हिस चार्ज आणि त्यावर १७% जीएसटी (जुलै २०२५ पासून) लागतो: ८० डॉलरचा डाइव्ह १०३ ला. बोट, नायट्रॉक्स, हूकचं भाडं याहून वेगळं लावलं गेलं. सगळं मिळून एकच आकडा उतरण्याआधी लिहून घ्या. आतल्या रीफवरचा दुसरा डाइव्ह छान होता.