दोऱ्याला, धोट्याला, सुताला : शब्दसंग्रहाचा सहावा महिना

या महिन्यात हन्स्पेल या शुद्धलेखन तपासणाऱ्या प्रणालीसाठीच्या माझ्या मराठी शब्दसंग्रहात मागावरचे १३७ शब्द गेले. त्यातले माझे स्वतःचे जेमतेम वीस. बाकीचे ज्यांनी दिले ते एक-दोनदाच भेटले, चार-सहा शब्द सांगून कामाला लागले, आणि पुन्हा भेटतीलच असं नाही. पाच महिने मी नेमकं उलट्या बाजूने झटत होतो, म्हणून ही नोंद सविस्तर लिहितोय.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. लिब्रेऑफिस किंवा फायरफॉक्समध्ये शब्दाखाली तांबडी नागमोडी रेघ उमटते, तिच्यामागे हन्स्पेल असतं. साध्या मजकुराच्या दोन फायली. डिक फाईलमध्ये मूळ शब्द आणि त्यापुढे एक खूण. ॲफ फाईलमध्ये त्या खुणेचा नियम, म्हणजे शेवटचं काय काढायचं आणि काय जोडायचं. मराठीत सामान्यरूपामुळे हे काम चिवट होतं. ‘कांडी’चं ‘कांडीला’ सरळ आहे. ‘चादर’चं मात्र ‘चादरीला’. ‘धोटा’ (मागावर आडवा धागा नेणारा भाग) घेतला तर शेवटचा काना काढून ‘धोट्याला’ करायचं. आणि ‘सूत’चं ‘सुताला’ होताना आतला ऊकारही ऱ्हस्व होतो, त्यासाठी वेगळा नियम लिहावा लागतो.

सुरुवातीला मी गिटहबवर, म्हणजे मिळून कोड लिहायच्या संकेतस्थळावर, सोप्या कामांना ‘गुड फर्स्ट इश्यू’ची (नवख्यांसाठीचं काम) पट्टी लावून वाट पाहत बसलो. कॉलेजची दोन मुलं आली. त्यांना खातं उघडणं, फोर्क (स्वतःची प्रत काढणं), पुल रिक्वेस्ट (केलेला बदल पाठवणं), ॲफचे नियम, सगळं एका बैठकीत शिकवलं. तीन तास गेले आणि पुढच्या रविवारी कोणी फिरकलं नाही. त्यांचं काही चुकलं नव्हतं. दहा मिनिटं द्यायला आलेल्यांपुढे मी अख्खा अभ्यासक्रम मांडला होता.

गाडी रुळावर आली ती सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका यंत्रमाग कारखान्यात. मित्राबरोबर गेलो होतो, चहाची वेळ होती. एका अण्णांना मागाचे भाग विचारले, त्यांनी धोट्यापासून सुरुवात केली. मी सहज म्हणालो, “अण्णा, याला तेल लावायचं असेल तर पोराला काय सांगाल?”

“धोट्याला तेल लाव म्हणणार, अजून काय?”

“आणि दोन असले तर?”

“दोन धोटे.”

मला हवं ते सगळं यात आलं होतं. सामान्यरूप हा शब्दही न उच्चारता मिळालं. तेव्हापासून प्रत्येक शब्दाला तीनच प्रश्न विचारतो: हा, ही की हे? दोन असले तर? त्याला तेल लावायचं तर? कोणती खूण लावायची ते घरी बसून मी ठरवतो. चहा संपेपर्यंत एका माणसाकडून सहा-सात शब्द होतात, आणि शब्द तोंडून घेतलेले असल्यामुळे छापील कोशातून उचलल्याचा, परवान्याचा प्रश्नही उरत नाही.

या भागात घरी तेलुगू आणि बाहेर मराठी बोलणारी बरीच कुटुंबं आहेत. मागाच्या काही भागांची नावं त्यांना तेलुगूतच आठवतात. ती यादी वेगळी ठेवली आहे. जकार्ड म्हणजे मागावर नक्षी विणायचं साधन; त्याचं ‘जकार्डला’ की ‘जकार्डाला’ यावर दोन काकांचं जुंपलं. दोन्ही रूपं घेतली.

सगळ्यात मोलाची मदत कारखान्याचा हिशेब लिहिणाऱ्या ताईंकडून आली. त्यांनी फोनवर टाइप केलेला मजकूर संगणकावर उघडला तर ‘दोऱ्याला’ तांबडं दिसत होतं. शब्द संग्रहात असूनही! त्यांनी पडद्याचा फोटो काढून पाठवला, बस्स. दोन तास खपल्यावर उलगडा झाला. ‘ऱ्या’ दोन प्रकारे लिहिला जातो: एकात नुक्त्याचा (खाली टिंब असलेला) ऱ असतो, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखेच, हन्स्पेलला मात्र वेगळे. ॲफ फाईलमध्ये ‘आयकॉन्व्ह’ची ओळ टाकून एक रूप दुसऱ्याकडे वळवलं. नुसता दोराच नव्हे, वाऱ्याला, घोड्याच्या चाऱ्याला, शेजाऱ्याला, सगळे एकदम सुटले. ताईंची पाच मिनिटं गेली असतील. त्यांना पुढे गटात ओढायचा मोह मी टाळला.

मात्र एक गोष्ट कसोशीने पाळतो. ज्या दिवशी शब्द मिळतो त्याच रात्री फाईलमध्ये टाकतो आणि दुसऱ्या दिवशी जाता-येता लॅपटॉपवर दाखवतो. अण्णांनी स्वतः ‘धोट्याला’ टाइप केलं, रेघ आली नाही, तर शेजारच्या मागावरच्याला हाक मारून दाखवलं. श्रेयनामावलीत नाव घालू का, असं प्रत्येकाला विचारतो. एक काका म्हणाले, “माझं नको, आमच्या नानांचं लिही. शब्द त्यांचेच हायत.” नानांचं नाव घातलं.

आता अडलंय ते शब्दयोगी अव्ययांपाशी. ‘धोट्यावरून’, ‘धोट्यापाशी’, मग ‘धोट्यावरूनच’. प्रत्येक रूप सुटं लिहिलं तर ॲफ फाईल फुगत जाते. हन्स्पेल प्रत्ययावर प्रत्यय अशा दोन पायऱ्या मानतो, त्याच वाटेने जायचा विचार आहे. कोणी मराठीत किंवा कन्नडमध्ये दोन पायऱ्यांचे नियम लिहिले असतील तर एखाद-दुसरी ओळ पाठवा. तेवढीही पुरे.

जानेवारीत गड्ड्याचे, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेचे, शब्द घ्यायचे आहेत: नंदीध्वज, अक्षता, दारूकाम. तीन प्रश्नांच्या चिठ्ठ्या आत्ताच छापून ठेवल्या आहेत, होम मैदानावर कोणाला दहा मिनिटं असली तर.