मागचा ॲक्सल निवडताना

छतावर तंबू, मागे पाण्याच्या टाक्या आणि जादा डिझेल लादून खडकाळ वाटेवर जाणाऱ्या गाडीचा विचार करताना मी इंजिनाच्या ताकदीआधी मागचा ॲक्सल, म्हणजे मागची दोन चाके जोडणारा आस, पाहतो. मित्रांना हा माझा हट्ट वाटतो. सेमी-फ्लोटिंग रचनेत चाक थेट शाफ्टच्या, म्हणजे चाकाला फिरवणाऱ्या दांड्याच्या, टोकाला बसवलेले असल्याने तो शाफ्ट चाक फिरवतोच, शिवाय गाडीचे वजनही पेलतो, आणि खड्ड्यातला प्रत्येक आदळा त्याला वाकवू पाहतो. तो बाहेरच्या बाजूला तुटला, तर चाकच निखळण्याची भीती असते. फुल-फ्लोटिंग रचनेत हब, म्हणजे चाक ज्यावर बसते तो भाग, हाउसिंगच्या (शाफ्टभोवतीच्या स्थिर नळीच्या) टोकावरील दोन बेअरिंगांवर फिरतो; वजन हाउसिंग पेलते आणि शाफ्टवर केवळ पीळ येतो. त्यामुळे शाफ्ट तुटला तरी चाक जागेवर राहते, आणि चाक न उतरवता तो बाहेर काढता येतो.

टोयोटाच्या ७० मालिकेतील लँड क्रूझरला अवजड कामासाठी अशीच रचना दिलेली असते. जीपने रँग्लर रुबिकॉनला ती २०२४ च्या मॉडेलपासून दिली. शाफ्टची जाडीही महत्त्वाची आहे: डाना कंपनीच्या ‘डाना ४४’ ॲक्सलचा नेहमीचा शाफ्ट ३० स्प्लाइनांचा (टोकावरील दात्यांचा), तर डाना ६० चा ३५ स्प्लाइनांचा आणि दीड इंच जाडीचा आढळतो. मात्र नुसता जाड शाफ्ट घालून हाउसिंग तेच ठेवले, तर भाराने वाकणारी नळी वाकतेच.