पाणचक्की विकणे आहे

मागच्या शनिवारी आम्ही घर बघायला गेलो होतो, घर कसलं, चक्क पाणचक्की. घ्यायचं वगैरे काही नव्हतं हां, नवऱ्याला रात्री झोप आली नाही की तो प्रॉपर्टीच्या साइट्स चाळत बसतो, त्यात ही सापडली. इकडे फ्रान्समध्ये तुलूजपासून दीड तास, काओर गावाच्या पुढे, दगडी तीन मजले, खालून ओढा, 'पूर्ण रिनोव्हेटेड', ३ लाख ८० हजार युरो. मी मूळची संभाजीनगरची, तेव्हा औरंगाबाद, पाहुणे आले की त्यांना पाणचक्की दाखवून आणायची ड्यूटी कायम माझ्याकडे, त्यामुळे मीपण लगेच गाडीत बसले.

घर सुंदर केलंय, खोटं कशाला बोलू. किचन तर मासिकातलं. आणि हॉलच्या मधोमध टीपॉय म्हणून काय, तर चक्कीचा दगड, वर काच ठेवलेली! एकसंध दगड नाही, तुकडे जुळवून बाहेरून लोखंडी पट्टा आवळलेला, पॅरिसच्या पूर्वेला ला फेर्ते-सू-ज्वार म्हणून गाव आहे तिकडचा, हे दगड एके काळी पार अमेरिकेपर्यंत जायचे. काच संपते तिथे मी खाचांतून बोट फिरवलं, पार गुळगुळीत. आजी असती तर म्हणाली असती, टाकी लावून घ्या गं, नाहीतर भरड येईल पीठ. इथेही चक्कीवाला मधूनमधून वरचा दगड उचलून खाचा पाडायचा म्हणे, म्हणजे आपल्यासारखंच, फक्त दारावर 'टाकी लावायची का' म्हणून ओरडत कुणी येत नसणार.

मग बाबांना व्हिडिओ कॉल लावला. बाबा पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेत. मी कौतुकाने किचन दाखवतेय आणि हे म्हणतात, "ते राहू दे, आधी पाट दाखव."

पाटाला इकडे बिएफ म्हणतात. गेलो मागे, तर पाटात गुडघाभर गाळ, त्यावर खाजकुयलीसारखं काहीतरी रान माजलेलं, पाणी अडवायच्या गेटची फळी खालून कुजलेली आणि ती वर-खाली करायच्या दातेरी पट्टीला इतका गंज की दाते मोजता येईनात. हँडल तर नाहीच. बाबा दोन मिनिटं गप्प. मग, "पूर आला तर पाणी सोडणार कुठून? आणि पाण्याचा हक्क कुणाच्या नावावर आहे?"

एजंट या प्रश्नावर पहिल्यांदा खुलला, फाइल काढली. त्यात १८व्या शतकातल्या कासिनीच्या नकाशाची झेरॉक्स, ओढ्यावर चक्कीची बारीकशी खूण. ती खूणच महत्त्वाची, कारण असल्या लहान ओढ्यावरची चक्की १७८९ च्या क्रांतीआधीपासून होती असं दाखवता आलं तर तिचा पाण्याचा हक्क आजही चालतो. चक्की नुसती बंद पडून राहिली म्हणून तो जात नाही, पण बंधारा, पाट पार ढासळून पाणी वापरताच येईना झालं की गेला. आणि हक्काबरोबर कामं पण येतात, गाळ आपण काढायचा, गेट आपण सांभाळायचं, आणि पाणी पाटाला वळवलं तरी माशांसाठी ओढ्याच्या सरासरी प्रवाहाचा किमान दहावा भाग ओढ्यातच राहू द्यायचा.

"म्हणजे पाटकरी तूच," बाबा म्हणाले.

वर सेप्टिक टँकचा रिपोर्ट नापास, तो खरेदीनंतर वर्षभरात नव्या मालकाने नीट करायचा, नोतेरकडचा, म्हणजे खरेदीखत करणाऱ्या नोटरीकडचा, खर्च साधारण ७-८ टक्के वेगळाच. म्हणजे रिनोव्हेशन केलं कशाचं, तर ज्याचा फोटो चांगला येतो त्याचं. आमच्या तुलूजमध्ये बाझाकलची चक्की होती, तिची तर १३७२ मध्ये शेअरवाली कंपनी झाली होती, बंधारा फुटला की खर्च सगळ्या भागीदारांत वाटला जायचा. इथे भागीदार आम्ही दोघंच, त्यातल्या एकाला साधा नळ बदलता येत नाही. (नाव सांगत नाही, तो हे वाचतो.)

तर नाही घेत आहोत, बाबांनाही तसं सांगितलं. ते बरं म्हणाले. काल रात्री त्यांचा व्हॉट्सॲप आला, वहीच्या कागदावर पेनने काढलेलं गेटचं चित्र, बाण-बिण दाखवून, खाली लिहिलंय, तिकडे लाकूड कुठलं मिळतं? आणि गेटच्या गाळ्याची रुंदी कळव.

रुंदी कुठे मोजली होती आम्ही. नवरा म्हणतोय, शनिवारी जाऊन येऊ का परत.