पाचाचे दहा

आमच्या फ्रिजवर एक कागद आहे, त्यावर सप्टेंबर २०२६ पर्यंतचे महिने लिहिलेत आणि दर महिन्याला लेक एकेक फुली मारते. आम्ही बडोद्याची मराठी माणसं, सप्टेंबर २०२१ ला नोकरीच्या व्हिसावर इंग्लंडमधल्या लेस्टरला आलो. पाच वर्षं झाली की आयएलआर, म्हणजे कायमचं राहायची परवानगी, मग नोकरी गेली तर साठ दिवसांत दुसरी शोधा नाहीतर गाशा गुंडाळा ही टांगती तलवार संपली, असा साधा हिशोब होता. २० नोव्हेंबर २०२५ ला नवरा ऑफिसमधून आला, बूटही काढले नाहीत आणि दारातूनच म्हणाला, "पाचाचे दहा केले गं."

गृहमंत्री शबाना महमूद बाईंनी (ज्यांचे स्वतःचे आईवडील पाकिस्तानातून इथे आलेले) पार्लमेंटमध्ये सांगितलं, की आता पाच नाही, दहा वर्षं. पगार सलग तीन वर्षं ५०,२७० पौंडांच्या वर असेल तर त्यातली पाच माफ. माझा खाली आहे, किती खाली ते आईलाही सांगितलेलं नाही. केअर वर्करसारख्या कामांवर आलेल्यांना पंधरा. हे सगळं तेव्हा प्रस्तावात होतं, १२ फेब्रुवारी २०२६ पर्यंत लोकांची मतं मागवली होती, पण आधीच इथे असलेल्यांनाही लागू करायचा विचार होता आणि माझं डोकं फिरलं ते तिथेच.

त्यांचा देश आहे, नियम बदलावेत, कोण नाही म्हणतंय. पण नव्याने येणाऱ्यांना लावा ना! आम्ही पाच म्हणून आलो. हेल्थ सरचार्ज (व्हिसावाल्यांनी सरकारी दवाखान्यासाठी भरायचे पैसे) पहिल्यांदा ६२४ पौंडांच्या दराने भरला, २०२४ ला व्हिसा रिन्यू करताना १,०३५ च्या, लेकीचा ७७६, माणशी, दर वर्षाचा आणि सगळा आगाऊ, शिवाय पगारातून नॅशनल इन्शुरन्स कापला जातोच, म्हणजे एकाच डॉक्टरचे पैसे दोनदा, आणि तरी तो डॉक्टर तीन आठवड्यांनी फोनवर भेटतो आणि पॅरासिटामॉल घ्या म्हणतो. आपल्याकडे निदान संध्याकाळी दवाखान्यात जाऊन बसलं की नंबर तरी लागतो. असो. मुद्दा तो नाही, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

मुद्दा असा की या सरकारला आणण्यात माझाही हात होता! कॉमनवेल्थवाले असल्यामुळे आपल्याला इथे नुसत्या व्हिसावर असतानाही संसदेच्या निवडणुकीत मत देता येतं. ४ जुलै २०२४ ला मी भीत भीत गेले, टेबलामागच्या आजोबांना ओळखपत्र म्हणून आपला निळा पासपोर्ट दिला, सिंहाचं चिन्हवाला. त्यांनी नाव शोधलं, रेघ मारली, कागद हातात दिला आणि आत दोरीला बांधलेली पेन्सिल. पेन्सिल! बोटाला शाई नाही, काही नाही. बाहेर येऊन मी आईला व्हिडिओ कॉल केला तर ती म्हणते, परक्या देशात तुला मत कसं देऊ देतात, काहीतरी घोळ असेल. खरंच सांगते, त्या दिवशी या देशाबद्दल फार भरून आलं. आपण एखाद्या परदेशी माणसाला लोकसभेला मत देऊ देऊ का? नाही ना.

कुणाला दिलं ते सांगत नाही. पण चौदा वर्षांनी लेबर पक्षाचं सरकार आलं तेव्हा घरी शिरा केला होता एवढं सांगते. लेबरचे पंतप्रधान स्टार्मरनी आल्या आल्या ती रवांडाची योजना बंद केली. निर्वासितांना विमानात घालून थेट आफ्रिकेत पाठवायचं, सातशे मिलियन पौंड खर्च झाले म्हणे आणि गेले किती, तर चार जण, तेही स्वखुशीने. मला वाटलं, चला, आता वारं बदललं. दहा महिन्यांत त्याच स्टार्मरनी भाषण केलं की असंच चाललं तर आपण अनोळखी लोकांचं बेट होऊ. नंतर म्हणाले ते शब्द चुकले. शब्द चुकले, पाचाचे दहा मात्र तसेच.

शेजारचे काका याला हसतात. काका १९७२ चे युगांडावाले, आमच्या घरी गुजराती बोलणारं कुणी आहे कळल्यावर पहिल्याच आठवड्यात हांडवो घेऊन आले होते. इदी अमीनने १९७१ ला सत्ता घेतली आणि पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये सगळ्या एशियनांना नव्वद दिवसांत निघा म्हणून सांगितलं. काकांनी युगांडातल्या जिंजा गावचं दुकान आहे तसं सोडलं, सफोकमधल्या लष्करी कॅम्पात थंडी काढली. लेस्टरच्या कौन्सिलने तर तिकडच्या पेपरात जाहिरातच दिली होती की बाबांनो आमच्याकडे येऊ नका. काका म्हणतात, आम्हाला तर जाहिरातीमुळेच लेस्टरचं नाव कळलं. आता तेच कौन्सिल बेलग्रेव्ह रोडवर दिवाळीला लायटिंग करतं.

आणि गंमत ऐका. यांच्यातल्या बहुतेकांकडे ब्रिटिश पासपोर्ट होते, तरी यायची सोय नव्हती, कारण १९६८ ला लेबर सरकारने तीन दिवसांत कायदा करून दार लावलं होतं. उघडलं कुणी, तर कंझर्व्हेटिव्ह पक्षाचे पंतप्रधान हीथनी, २८,००० च्या आसपास लोक घेतले. म्हणून काका अजून त्यांनाच मत देतात, गेल्या वेळी पूर्ण देशात लेबरकडून त्यांनी हिसकावलेली एकच जागा होती, ती आमची लेस्टर ईस्ट. आणि हेच काका टीव्हीवर इंग्लिश चॅनल ओलांडून येणारी निर्वासितांची बोट दिसली की चिडतात. "अमे तो कायदेसर आव्या'ता, आ लोको होडीमां आवे छे." मी काही बोलत नाही. कारण खरं सांगायचं तर मलाही मनात तेच वाटतं, आम्ही रीतसर आलो, टॅक्स भरतो, आमचा आणि त्यांचा काय संबंध?

पण लेकीच्या वर्गातल्या एका मुलाची आई इरिट्रियाची आहे, निर्वासित. नवरा मागे सुदानमध्ये अडकलाय, त्याला आणायला ती चर्चमधल्या लग्नाचा दाखला मिळवत होती, वर्षभर. तो ऑगस्टच्या शेवटी मिळाला. ४ सप्टेंबर २०२५ ला सरकारने निर्वासितांचे कुटुंब आणायचे अर्जच थांबवले. शाळेच्या गेटवर तिने मला मोबाइलवर त्या दाखल्याचा फोटो दाखवला, चार कोपरे दिसतील असा नीट सपाट करून काढलेला. नव्या नियमांत तिच्यानंतर येणाऱ्यांना कायमचं व्हायला वीस वर्षं, आणि दर अडीच वर्षांनी तुमचा देश आता सुरक्षित झाला का म्हणून तपासणी. मी तिला माझ्या दहा वर्षांचं सांगायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं.

आई म्हणते परत ये, बडोद्याच्या डांडिया बाजारातलं वरचं घर रिकामंच आहे. आमच्या घरात १९४९ ला बडोदा विलीन झालं असं कुणी म्हणत नाही, "राज्य गेलं" म्हणतात. आजोबा राज्याच्या नोकरीत, एका रात्रीत मुंबईच्या सरकारचे कारकून झाले, आणि १९६० ला गुजरात झाल्यावर दरबारातली आमची मराठी घरात आणि गणपतीत उरली. पण आम्हाला कुणी कागद मागितला नाही. बडोद्यात आम्हाला दोनशे वर्षं झाली तरी पुण्याची माणसं मात्र अजून विचारतात, तुम्ही मूळचे कुठले.

काल काकांना सांगितलं की नव्या प्रस्तावात समाजसेवा केली तर तीन ते पाच वर्षं कमी होऊ शकतात. ते मंदिराचे ट्रस्टी आहेत. अन्नकूटाच्या आदल्या दिवशी मी तिथे तीन तास कोथिंबीर निवडली होती, एवढीच काय ती माझी सेवा. काकांनी चष्मा लावला, लेटरहेड काढलं आणि अगदी गंभीर चेहऱ्याने विचारलं, "बोल बेटा, केटला कलाक लखुं?" (किती तास लिहू?)