डिमेलोसाहेब दुसऱ्यांदा गेले

भाऊबीज होऊन दोन दिवस झाले होते. फराळाच्या डब्यांच्या तळाशी चिवड्यातले शेंगदाणे आणि करंज्यांचा चुरा तेवढा उरला होता, आणि मी मुंबईला परतायची बॅग भरत होतो. तेवढ्यात मोबाईलवर बातमी आली, सतीश शाह गेले. २५ ऑक्टोबर २०२५. मी ती मोठ्याने वाचली, कारण अण्णांना हल्ली कमी ऐकू येतं.

"कोण, डिमेलो?" अण्णा आरामखुर्चीतून म्हणाले.

'ये जो है जिंदगी'मध्ये दर भागात नवा अवतार घेऊन येणारा हा नट. पण आमच्या घरात तो कायमचा डिमेलो, म्हणजे 'जाने भी दो यारों'मधला लाचखाऊ आयुक्त. खरं तर आयुक्ताचं प्रेत. जिवंत डिमेलो पडद्यावर असतो थोडा वेळच, धमाल सगळी मेलेल्या डिमेलोची. नुसतं ताठ राहून, बाकीचे ओढतील तिकडे जाऊन, इतकं हसवणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

सिनेमा १९८३चा, आम्ही तो दूरदर्शनवर पाहिला चार-पाच वर्षांनी. गावात फार टीव्ही नव्हते, त्यामुळे आमच्या कृष्णधवल संचासमोर निम्मी आळी बसलेली. मी पाचवीत होतो. भ्रष्टाचार, कंत्राटं, बिल्डर यातलं मला काही कळलं नाही, कळायची गरजही पडली नाही. प्रेत चाकांच्या बुटांवर घरंगळतंय. दारू प्यालेला ओम पुरी रस्त्यातल्या शवपेटीला बंद पडलेली गाडी समजून आतल्या माणसाची विचारपूस करतोय. शेवटी द्रौपदीवस्त्रहरणाचा प्रयोग, त्यात द्रौपदीच्या जागी डिमेलो, आणि दुर्योधनालाच वस्त्रहरण नको झालेलं! पुढचा महिनाभर आम्ही मारुतीच्या पाराजवळ हे नाटक केलं. प्रेत व्हायला सगळे तयार असायचे, कारण त्याला संवाद पाठ करावे लागत नसत. आंधळा धृतराष्ट्र व्हायला मात्र कोणीच तयार नसायचं.

त्या दिवशी आईचं लक्ष दुसरीकडेच होतं. सिनेमात भक्ती बर्वे होती, आणि भक्ती बर्वे म्हणजे आईच्या लेखी घरचं माणूस. 'ती फुलराणी' तिने माहेरी असताना पाहिलेलं, आणि दूरदर्शनवर बातम्या सांगणारी भक्तीही तिला ठाऊक. इथे ती 'खबरदार' नावाच्या मासिकाची संपादक शोभा सेन. बड्या धेंडांना उघडं पाडायला निघालेली. दोन साधेभोळे फोटोग्राफर, नसीरुद्दीन शाह आणि रवी बासवानी, तिच्यावर जीव टाकून पुरावे गोळा करतात. आणि ही बाई ते पुरावे छापायचं सोडून त्यांच्यावर सौदा करायला बसते.

"नाही नाही, ती नाटक करतेय. आता बघ, कसा धडा शिकवते त्यांना," आई म्हणाली.

पंधरा मिनिटं गेली. आई पुन्हा म्हणाली, "आता बघ."

भक्ती बर्व्यांना ही भूमिका देणाऱ्या दिग्दर्शक कुंदन शाहांना आमची आई नक्कीच ठाऊक नव्हती. पण अशा आया असतात, हे त्यांना ठाऊक असावं. फुलराणीतली मंजुळा खोटं बोलेल, लाच खाईल, यावर विश्वास कसा बसणार? सिनेमा संपल्यावर आई म्हणाली, "चांगल्या बाईला उगाच असलं काम दिलं." २००१ साली द्रुतगती मार्गावरच्या अपघातात भक्ती बर्वे गेल्या, तेव्हाही आई हळहळून म्हणाली होती, "आणि त्या सिनेमात मेल्यांनी तिला वाईट दाखवली."

अण्णा तेव्हा नगरपालिकेत ओव्हरसियर होते. सिनेमाभर ते एकदाच हसले. डिमेलोचा खून झाल्यावर त्याचे गोडवे गाणारं एक गहिवरलेलं भाषण होतं. साहेब गटारासाठी जगले, गटारासाठी मेले. आम्हा पोरांना त्यात हसण्यासारखं काय आहे कळेना, आणि अण्णांना इतका ठसका लागला की आईने पाणी आणून दिलं. मात्र शेवटी पूल पडल्याचं सगळं त्या दोन फोटोग्राफरांच्या गळ्यात येतं आणि पोरं कैद्यांच्या कपड्यांत मुंबईच्या रस्त्यावर दिसतात, तेव्हा अण्णा उठले. "नळाला पाणी आलंय का बघतो," म्हणाले.

आमच्याकडे पाणी पहाटे यायचं.

कारण कळायला मला बरीच वर्षं लागली. ओढ्यावर बांधलेली एक मोरी, म्हणजे छोटा पूल, दुसऱ्याच पावसाळ्यात वाहून गेली होती. माणूस मेला नाही, एक म्हैस गेली. चौकशी बसली. कंत्राटदार सभापतींचा साडू, त्याच्यापर्यंत कोणी पोचलंच नाही. पण मेजरमेंट बुकात, खात्याच्या भाषेत एमबीत, मापं लिहून खाली सही केलेली असते, आणि सही अण्णांची होती. मापं बरोबर होती. सिमेंट किती पडलं हे एमबीत कळत नाही. दोन वेतनवाढी रोखल्या गेल्या. आईने त्या वर्षी दिवाळीला साडी घेतली नाही एवढंच मला आठवतं, आणि तेही आता जुळवून बघितलं म्हणून.

तर त्या शनिवारी रात्री बॅग तशीच ठेवली आणि तिघांनी सिनेमा पुन्हा पाहिला. मुलाने दिलेला मोठा टीव्ही भिंतीवर आहे. द्रौपदीच्या साडीला रंग असतो हे मला पन्नाशीच्या उंबरठ्यावर कळलं. सिनेमा आठवणीपेक्षा संथ निघाला. ज्या प्रसंगांवर पूर्वी लोळलो ते काही ठिकाणी जास्तच ताणलेत, एकाच खोलीतल्या दोन टेलिफोनांचा प्रसंग तर मी एकेकाळी पाठ म्हणायचो, आता मध्येच चहा टाकून आलो. पण हे सगळं सात लाखांच्या आसपास, सरकारी महामंडळाच्या पैशात केलेलं आहे, हे लक्षात घेतलं की हात जोडावेसे वाटतात. नसीरुद्दीनने सिनेमात वापरलेला कॅमेरा त्याचा स्वतःचा, तो चित्रीकरणात चोरीला गेला. फोटोग्राफरांच्या सिनेमात फोटोग्राफरचा कॅमेरा! कुंदन शाहांनी हा प्रसंग लिहिला असता तर कोणीतरी 'फार होतंय' म्हणालं असतं.

फार होतंय, असं हल्ली मला सिनेमाबद्दल वाटतच नाही. मी अंधेरीला राहतो. आमच्याकडचा गोखले पूल २०१८च्या जुलैत भर पावसात अर्धवट रुळांवर पडला. पुढे तो पाडला, नवा बांधला, २०२४च्या फेब्रुवारीत एक बाजू खुली केली, आणि तेव्हा दिसलं की शेजारचा बर्फीवाला उड्डाणपूल आणि हा नवा पूल यांची उंचीच जुळत नाही. एक वर, एक खाली. शेवटी जुन्या पुलाला जॅक लावून तो उचलावा लागला. डिमेलोसाहेब असते तर उद्घाटन दोनदा केलं असतं.

गटाराच्या भाषणाला अण्णा पुन्हा हसले, ठसका पुन्हा लागला. या वेळी पाणी मी आणलं. आईने भक्ती बर्वे आली की चष्मा पुसायचा आणि गेली की स्वेटर विणायचा, असं चालवलं होतं. सौद्याच्या प्रसंगाला तिने मान वर केली नाही. आणि मी, सगळं ठाऊक असून, मनातल्या मनात म्हणत होतो, आता बघ.

शेवट आला. 'हम होंगे कामयाब' सुरू झालं. शाळेत प्रार्थनेनंतर हेच म्हणायचो आम्ही, हात धरून. पडद्यावर ते दोघे कैद्यांच्या वेषात गर्दीतून चालत येतात आणि आपल्याकडे बघून गळ्यावरून हात फिरवतात. मी चोरून अण्णांकडे बघितलं. ते जागचे हलले नव्हते.

"एमबीवर सही कोणाची होती ते दाखवलंच नाही," ते म्हणाले.

"सिनेमा आहे अण्णा."

"हो, पण बिल निघालंच असेल ना."

आई सुया गुंडाळत होती. वर न बघता म्हणाली, "अहो, आज पाणी बघायला नाही उठलात?"

"आता टाकी आहे वर," अण्णा म्हणाले.