बागेच्या नावाची फाइल

विषय एका ओळीचा होता: शहरातल्या एका उद्यानाला दिवंगत शिक्षिकेचं नाव द्यावं. सोबत सह्यांचा जाडजूड गठ्ठा. समितीपुढे जाण्याआधी नामकरणाच्या प्रस्तावांची छाननी माझ्याकडे असते, आणि सह्या मी सगळ्यात शेवटी बघते. लोकांच्या मनात त्या व्यक्तीबद्दल किती आदर आहे, हे सह्यांवरून कळतं. ते नाव त्या जागेला चालेल का, हे कळत नाही.

आधी बघायचं, जागा खरोखर बिननावाची आहे का. मालमत्ता नोंदवहीत नुसता भूखंड क्रमांक आणि ‘खुली जागा’. विजेच्या जोडणीवर शेजारच्या वसाहतीचं नाव. रोज फिरायला येणारे मात्र तिला ‘टाकीची बाग’ म्हणतात. एका जागेची अशी दोन-तीन नावं निघणं नेहमीचंच आहे.

मग जागा आली कुठून? इथेच प्रस्ताव अडला. जमीन बक्षीसपत्राने, म्हणजे दान दिल्याच्या दस्ताने मिळालेली. अशा दस्ताचं पहिलं पान वाचून भागत नाही, कारण अटी बहुधा मागे असतात. याच्या शेवटच्या पानावर, चतुःसीमेच्या (जागेच्या चारी हद्दींच्या वर्णनाच्या) खाली, दोन ओळी होत्या: जागा कायम खुली ठेवावी आणि ती देणगीदाराच्या आईच्या नावाने ओळखली जावी. तशी पाटी जागेवर नव्हती आणि नोंदवहीत ही अट कुणी चढवलेलीच नव्हती. अशी अट मोडली तर वारस न्यायालयात जाऊ शकतात, आणि वाद नावापुरता न राहता जमिनीपर्यंत पोचतो.

दुसरी अडचण उच्चाराची. प्रस्तावातलं नाव मी आपत्कालीन नियंत्रण कक्षाला लेखी पाठवत नाही. फोनवर एकदाच सांगते आणि पलीकडे काय लिहून घेतलं ते विचारते. लिहिलं गेलं शहराच्या दुसऱ्या टोकाच्या शाळेचं नाव! आडनाव तेच, पहिल्या नावात एका अक्षराचा फरक. रुग्णवाहिका चुकीच्या टोकाला जायला एवढं पुरतं.

व्यक्तीच्या निधनानंतर तिचं नाव देण्याआधी थांबण्याचा काळ इथे उलटून गेला होता. तो नियम मला फार मोलाचा वाटतो. शोकाच्या भरात घेतलेला निर्णय पुढे फिरवणं कुटुंबाला अपमानास्पद वाटतं. 2002 साली संयुक्त राष्ट्रांच्या भौगोलिक नावांवरच्या परिषदेने हयात व्यक्तींची नावं ठिकाणांना देण्यापासून परावृत्त करावं आणि थांबण्याचा काळ नियमात स्पष्ट लिहावा, अशी शिफारस केली. अमेरिकेचं भौगोलिक नावांचं मंडळ निधनानंतर पाच वर्षं थांबतं. कंपन्यांच्या नावांना तर मुदत आणि नाव काढण्याचं कलम हवंच. ह्यूस्टनचं एन्‍रॉन फील्ड हे कंपनीच्या नावाचं बेसबॉल मैदान 2000 साली सुरू झालं, पुढच्याच वर्षी कंपनी दिवाळखोरीत गेली आणि नाव उतरवण्यासाठी बेसबॉल संघाला नावाचे हक्क पैसे मोजून परत घ्यावे लागले.

मी टिप्पणीत दोन भाग केले. उद्यानाला बक्षीसपत्रातलं नाव; आतल्या वाचन-मंडपाला शिक्षिकेचं. आतल्या वास्तूच्या नावाने पत्ता सांगितला जात नाही, त्यामुळे उच्चाराचा गोंधळही टळतो. अर्जदार सुरुवातीला नाराज झाले. त्यांना बक्षीसपत्राची प्रत दाखवली. कुटुंबाची लेखी संमती घेतली, तीही सगळ्या मुलांची, अर्जदाराच्या ओळखीच्या एकाची नव्हे. मग फाटकावर सूचना लावून हरकतींसाठी 30 दिवस. फाटकावर लावणं गरजेचं, कारण बाग वापरणारी माणसं कार्यालयातला सूचना फलक वाचायला येत नाहीत. आलेल्या हरकतींपैकी एक अगदी रास्त होती: ‘टाकीची बाग’ एकदम पुसू नका.

ठराव झाल्यावर क्रम महत्त्वाचा. आधी नियंत्रण कक्ष, नकाशा आणि मालमत्ता नोंदवही, मग वीज-पाण्याच्या जोडण्या, पाटी शेवटी. पाटी आधी लागली की समारंभ उरकतो आणि बाकीच्या नोंदी तशाच राहतात. नव्या नावाखाली लहान अक्षरांत ‘टाकीची बाग’ एक वर्ष ठेवायचं ठरलं, आणि बक्षीसपत्राची अट या वेळी नोंदवहीच्या शेऱ्याच्या रकान्यात दस्त क्रमांकासह चढवली.