लघवीच्या पट्टीवर कुणाची नोकरी ठरवू नका

चाकण-भोसरीकडच्या एखाद्या कारखान्यात नशेसाठी लघवीची तपासणी होते. पट्टीवर दुसरी रेघ उमटली नाही म्हणजे पॉझिटिव्ह. ठेका कामगार असेल तर त्याच दिवशी गेटपास बंद. लेखी काहीच हातात पडत नाही. हा अन्याय आहे, आणि त्याने कारखानाही सुरक्षित होत नाही.

ही पट्टी फक्त शरीरातून काय गेलं एवढंच दाखवते. माणूस आत्ता नशेत आहे का, हे तिला कळत नाही. रोज गांजा ओढणाऱ्याने तो सोडल्यावरही कित्येक आठवडे पट्टी पॉझिटिव्ह येऊ शकते. उलट रात्रभर दारू पिऊन सकाळी थरथरत्या हातांनी प्रेसवर उभा राहणारा तिच्यातून सहज सुटतो. कोडीनचं खोकल्याचं औषध, इतकंच काय खसखसही, अफूवर्गाच्या पट्टीत दिसू शकते. सर्दीच्या काही गोळ्या अँफेटामाइनच्या पट्टीला फसवतात. म्हणून तपासणीआधी चालू औषधं लिहून घ्यावीत, नमुन्याचे दोन भाग करून एक सीलबंद ठेवावा, आणि प्रयोगशाळेतल्या मास स्पेक्ट्रोमेट्रीने (नेमका पदार्थ ओळखणाऱ्या चाचणीने) खात्री होईपर्यंत कुणालाही दोषी धरू नये.

कामगार आत्ता मशीनवर उभा राहू शकतो का, हे चाल, बोलणं, झापड, हातांची स्थिरता पाहून ठरतं. नसेल तर त्याला मशीनवरून बाजूला घ्या, डॉक्टरांना दाखवा, घरी एकटं पाठवू नका.

ब्राऊन शुगर किंवा इंजेक्शन घेणाऱ्यांसाठी सरकारी ओएसटी केंद्रांत (अफूवर्गाच्या नशेऐवजी देखरेखीखाली औषध देणाऱ्या केंद्रांत) ब्युप्रेनॉर्फिन हे औषध मोफत मिळतं. गोळी जिभेखाली पूर्ण विरघळू द्यायची. गिळली तर तिचा फारसा उपयोग होत नाही. सुरुवात घाईने करू नये. ब्राऊन शुगरचा शेवटचा डोस होऊन साधारण १२ तास उलटावे लागतात, जांभया, नाक गळणं, अंगदुखी सुरू व्हावी लागते. त्याआधी गोळी घेतली तर टर्की (नशा तुटल्याचा त्रास) एकदम आणि जोरात येते, आणि बरेच जण तिथेच उपचार सोडतात. डोस बसेपर्यंतचे, म्हणजे योग्य मात्रा ठरेपर्यंतचे, काही दिवस मशीनवर काम नको. एकदा तो बसला की माणूस नेहमीसारखं काम करू शकतो.

खरा अडथळा घड्याळाचा आहे. गोळी बहुधा रोज केंद्रात, कर्मचाऱ्यांसमोर घ्यावी लागते, आणि केंद्राची वेळ व पहिली पाळी एकमेकांवर येतात. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये नाकोने (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने) घरी नेण्यासाठी डोस द्यायला परवानगी दिली होती, म्हणजे हे अशक्य नाही. डोस बसलेल्या कामगाराने केंद्रातल्या डॉक्टरांकडे तशी मागणी करावी. युनियनने पाळी बदलून मागावी. कंपनीला निदान सांगायची गरज नाही, ‘कामासाठी योग्य’ एवढं प्रमाणपत्र पुरतं. व्यसनाशी निगडित मानसिक अवस्था २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात येतात, आणि उपचाराची माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे.

उपचारासाठी रजा हवी असेल आणि ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) लागू असेल, तर तिथल्या डॉक्टरांच्या प्रमाणपत्रावर वर्षात ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतन मिळतं. स्थायी आदेश (नोकरीच्या अटींचे प्रमाणित नियम) लागू असलेल्या कारखान्यात चौकशीसाठी निलंबित केलं तर पहिल्या ९० दिवसांत निम्मा निर्वाहभत्ता, पुढे, विलंब कामगारामुळे झाला नसेल तर, ७५ टक्के. तोंडी ‘उद्यापासून येऊ नको’ मान्य करू नका, लेखी मागा. राजीनाम्यावर तर सही करूच नका. पोलिसांची भीती वाटत असेल तर एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याचं कलम ६४-अ वकिलाला दाखवा: सेवनाच्या किंवा अल्प मात्रेच्या गुन्ह्यात स्वतःहून सरकारमान्य केंद्रात उपचार घेणाऱ्याला खटल्यापासून संरक्षण आहे, मात्र उपचार अर्धवट सोडले तर ते काढून घेता येतं.

येरवड्यातून सुटलेला किंवा व्यसनमुक्ती केंद्रातून परतलेला माणूस सगळ्यात धोक्यात असतो. शरीराची सवय उतरलेली असते, जुनाच डोस जीव घेतो. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या, ओठ निळे, श्वास मंद, हलवूनही जाग नाही: १०८ला फोन करा, दर पाच सेकंदांनी तोंडाने एक श्वास द्या, श्वास सुरू झाला की कुशीवर वळवा. कारखान्याच्या दवाखान्यात नॅलोक्सोन या अफूवर्गाचा असर उतरवणाऱ्या औषधाच्या ०.४ मिलिग्रॅमच्या कुप्या ठेवायला डॉक्टरांना सांगा. दोन-तीन मिनिटांत श्वास सुधारला नाही तर त्यांनी दुसरी द्यावी. तिचा असर ३० ते ९० मिनिटांत ओसरतो आणि श्वास पुन्हा मंदावू शकतो, त्यामुळे शुद्धीवर आलेल्यालाही ससूनला किंवा जवळच्या रुग्णालयात न्यायचंच.